भरल्या घरातील कुपोषण

विकसनशील देशांत मुलांचा लठ्ठपणा प्रथम सधन घरांत दिसतो. मिळकत वाढते तसा तो बेताच्या घरांतही शिरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात पाच वर्षांखालील अतिवजनाची बालके २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाली. त्याच वेळी खुरटलेली बालके ३५.५ टक्के होती. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या उपासमार सोसली, त्याला गुबगुबीत मूल सुबत्तेची खूण वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भाकरीच्या जागी आलेले वेफर्सचे पाकीट म्हणजे प्रगती नव्हे. भगवान बुद्धांनी कोसलनरेश प्रसेनजितास मिताहाराचाच उपदेश केला होता. म्हणून पालकांनी भेटीस येताना शेंगदाणे, फळे आणावीत आणि अभ्यासापायी मुलांचे मैदान हिरावू नये, ही आमची आग्रहाची विनंती.