पेंडीच्या गोणीवर एक रुपया

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांत पहाटे घरोघर जे दूध पोचते, त्याची शुद्धता पाहण्याचे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे; त्याचे अधिकारी टँकर अडवतात, नमुने घेतात, पाण्याचा, युरियाचा, स्निग्धांशाचा हिशेब लावतात, आणि ते आवश्यकच आहे. परंतु ज्या म्हशीने ते दूध दिले तिच्या गव्हाणीत आदल्या दिवशी काय पडले, हा प्रश्न त्यांच्या अखत्यारीबाहेर राहतो, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य स्पष्ट शब्दांत वगळलेले आहे.

कल्याण-भिवंडी परिसरातील तबेल्यांना लागणारी सरकी पेंड आणि चुणी बहुतांशी बाहेरून येते, आणि कोकणच्या आषाढ-श्रावणात गोण्यांना ओल लागली की तिच्यावर बुरशी धरते. त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष जनावराच्या पोटातून अल्पांशाने, किंचित रूप बदलून, दुधात उतरते आणि दूध उकळल्याने ते नाहीसे होत नाही. म्हणजे गृहिणीची सारी दक्षता येथे निरुपयोगी ठरते. २०१८ मध्ये देशभर जे दूध-सर्वेक्षण झाले, त्यातील ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत हे विष मर्यादेबाहेर सापडले. भारतीय मानकाने पशुखाद्यात ते किलोमागे २० मायक्रोग्रॅमपर्यंतच असावे असे ठरवून दिले आहे, आणि सर्वेक्षणानंतर हे मानक सक्तीचे करण्याचा हुकूमही निघाला. परंतु त्याच्या अंमलबजावणीची तारीख पुनःपुन्हा पुढे सरकली. प्रयोगशाळा, निरीक्षक आणि त्यांचा पगार यांची तजवीज केल्याशिवाय काढलेल्या हुकुमाचे आपल्याकडे असेच होते.

ही तजवीज कोणी करावी? सर्वसाधारण खजिन्यातून ती होईल या आशेवर आपण पुष्कळ वर्षे काढली. पशुखाद्यावर वस्तू व सेवा कर नाही, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. तथापि कारखान्याच्या दारातच टनामागे २० रुपये तपासणी-शुल्क घेतले, तर ५० किलोच्या गोणीवर भार पडतो एका रुपयाचा. दुभती म्हैस दिवसाला पाच किलो खुराक खाते असे धरले तर ती गोणी तिला दहा दिवस पुरते, आणि तेवढ्या अवधीत ती शंभर लिटर दूध देत असेल तर लिटरमागे पैसाच पडला. हे शुल्क अखेर तबेलेवाल्याच्याच माथी येईल, हा आक्षेप खरा आहे. पण बुरसटलेल्या पेंडीने आटणारे दूध आज त्याच्याच माथी येत आहे, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

धंद्याने स्वतःच्या तपासणीचा खर्च सोसण्याची रीत अमेरिकेतील अनेक राज्यांनी पशुखाद्याच्या बाबतीत टनावारी शुल्काने रूढ केली आहे. आपल्याला इतके दूर जाण्याचेही कारण नाही. १९२३ च्या कापूस उपकर कायद्याने गासड्यांवर पट्टी बसवली आणि तिच्या उत्पन्नातून पुढच्याच वर्षी माटुंग्याची कापूस-प्रयोगशाळा उभी राहिली. त्या कापसाच्या धाग्याची ताकद शंभर वर्षे मोजली जात आहे. त्याच्याच सरकीची पेंड मात्र बिनतपासणीची कल्याणला उतरते.

माझी खरी धास्ती निराळी आहे. जो पैसे देतो तोच निरीक्षकाला आपला नोकर समजू लागतो, आणि उपकराचा पैसा एकदा सरकारी तिजोरीत शिरला की तो कोणत्या खात्यात मुरला याचा पत्ता लागत नाही. म्हणून वसुली कारखान्याकडून व्हावी, परंतु निधी स्वतंत्र असावा, आणि निरीक्षकाची नेमणूक व नमुन्यांची निवड यांत कारखानदाराचे बोट नसावे. प्रत्येक तपासणीचा निकाल कारखान्याचे नाव व मालाचा तुकडी-क्रमांक यांसह पंधरवड्याच्या आत मराठीत जाहीर व्हावा, म्हणजे पुढची खेप कोणाकडून उचलायची हे तबेलेवाला स्वतःच ठरवील.