इस्पितळातून घरी आल्यानंतरचा डॉक्टर

अर्धांगवायूच्या झटक्यातून माणसाचा जीव वाचला, आठ-दहा दिवसांनी त्याला घरी सोडले, आणि हाती आलेल्या डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीखाली ‘फिजिओथेरपी’ एवढा एकच शब्द लिहिलेला असला, म्हणजे त्या कुटुंबाच्या खऱ्या हालअपेष्टांना प्रारंभ होतो. मेंदूचे डॉक्टर रक्तदाब पाहतात, हाडांचे डॉक्टर खांद्याचा एक्स-रे पाहतात, लघवीच्या नळीसाठी तिसऱ्याच दारी जावे लागते. आणि हा मनुष्य पुन्हा स्वतःच्या हाताने जेवेल काय, या प्रश्नाची जबाबदारी कोणाकडेच नसते. ती पत्करणारी भौतिक वैद्यक व पुनर्वसन, म्हणजे पी.एम.आर., ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा अस्तित्वात असताना तिचा डॉक्टर आपल्या जिल्ह्यात कोठे बसतो हे सुशिक्षितांनाही ठाऊक नसावे, ही मला अत्यंत क्लेशकारक गोष्ट वाटते.

फिजिओथेरपिस्टचे काम मोलाचे आहे आणि त्यावाचून हा डॉक्टर पंगू आहे. परंतु स्नायूंचा ताठरपणा गोळ्यांनी उतरवावा की इंजेक्शनाने, पायाला स्प्लिंट कोणते द्यावे, शय्याव्रण आणि मूत्राशय यांची निगा कशी राखावी, हे सारे एका नजरेखाली आणणे हे त्याचे कर्तव्य होय. असा डॉक्टर रुग्णाचे मनगट आधी अगदी सावकाश व नंतर एका झटक्यात सरळ करून पाहतो. कारण वेगाबरोबर वाढणारा ताठरपणा मज्जासंस्थेचा असतो, वेग कितीही असला तरी तसाच राहणारा बहुधा आखडलेल्या स्नायूंचा व सांध्याचा, आणि दोहोंचे उपचार भिन्न आहेत. मिटलेल्या मुठीत नखे रुतून तळहात सोलला आहे काय, चपलेची कोणती कड झिजली आहे, हे तो न्याहाळतो, आणि घरचा उंबरा किती उंच आहे हेही विचारतो. लुळ्या हाताला धरून रुग्णाला कधीही ओढून उठवू नये, त्याने खांदा उतरतो, एवढे जरी पहिल्या दिवशी कोणी बजावले असते, तरी कित्येकांची पुढची खांदेदुखी टळली असती.

या विद्येची परंपरा आपल्याकडे अर्वाचीन नाही. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली जखमी सैनिकांसाठी निघाले, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये व्यवसायोपचाराची शाळा काढली. आणि मुंबईतील हाजीअलीची भौतिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून पुनर्वसनाचे हेच कार्य करीत आहे. मुंबई-पुण्याच्या बाहेर मात्र शोध करावा लागतो. प्रथम जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात पी.एम.आर. विभागाची चौकशी करावी. खासगी डॉक्टर असल्यास पाटीवर याच विषयातील एम.डी. किंवा डी.एन.बी. ही पदवी आहे काय ते पाहावे, आणि तीन महिन्यांत रुग्णाने काय करू लागावे अशी आपली अपेक्षा आहे, हे त्यांना निःसंकोच विचारावे.

परंतु शोधाचा हा सारा भार रुग्णाच्याच माथी का? २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली, त्यांच्या दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयात वार ठरले, अर्ज व टक्केवारी यांची दप्तरे सिद्ध झाली. पण ज्या इमारतीत दिव्यांगत्व मोजले जाते तेथेच ते उणे करण्याची तजवीज बहुधा नसते, याला मी अन्याय म्हणतो. भरीस भर म्हणून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ च्या नियमांत नव्या महाविद्यालयांच्या अनिवार्य विभागांतून हा विषय वगळला. जेथे विभागच नाही तेथे विद्यार्थी त्याचे नाव कोठून ऐकणार, आणि पुढे आपल्या रुग्णाला कोणाकडे धाडणार?

जिल्हा रुग्णालयाच्या आस्थापनेत या डॉक्टराचे कायम पद मंजूर व्हावे, आणि ते भरेपर्यंत नजीकच्या महाविद्यालयातील तज्ज्ञाची आठवड्यातून एक दिवस तेथे नेमणूक व्हावी, अशी माझी आरोग्य खात्याकडे आग्रहाची मागणी आहे. तोवर ज्यांचा माणूस आज वॉर्डात पडून आहे त्यांनी घरी सोडण्याच्या आदल्या दिवशीच डॉक्टरांकडून पी.एम.आर. तज्ज्ञाच्या नावे शिफारसपत्र लिहून घ्यावे; मेंदू सावरण्याचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो, आणि तो काळ चौकशीत घालविणे कोणत्याही रुग्णाला परवडणारे नाही.