सांध्याला धनी हवा

गेल्या महिन्यातली एक दुपार नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत, एका सूतगिरणीच्या चाचणी प्रयोगशाळेत गेली. काम वरवर साधं होतं. तंतूची लांबी, ताकद आणि मायक्रोनेअर मोजणाऱ्या यंत्राच्या फाइली वाचणारा प्रोग्राम तिथल्या तरुण अभियंत्याने पायथनमध्ये लिहिला होता. त्या आकड्यांचं विश्लेषण अकोल्याच्या एका कृषी संख्याशास्त्रज्ञाने आरमध्ये करून दिलं होतं. दोन्ही कामं आपापल्या जागी चोख होती. मधे हवी होती ती आरमधून पायथनला हाक मारणारी ‘रेटिक्युलेट’ ही लायब्ररी. एका ओळीच्या आज्ञेने ती पाच मिनिटांत बसली आणि त्यानंतर दोन दिवस काम जागचं हललं नाही.

“सर, आर बी हाये, पायथन बी हाये, पण थे एकमेकाले वळखूनच नाही राह्यले,” अभियंता म्हणाला. निदान अचूक होतं. कारण शोधायचं बाकी होतं.

कारण निघालं ते असं. यंत्राच्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी कुणीतरी त्या संगणकावर ३२ बिटचा पायथन टाकून ठेवला होता. आर मात्र नवं होतं. विंडोजसाठीच्या ३२ बिट आरची बांधणी ४.२.० या आवृत्तीपासून, म्हणजे एप्रिल २०२२ पासून, बंदच झाली आहे. रेटिक्युलेट पायथनला वेगळ्या खोलीत बसवून निरोप्यामार्फत बोलत नाही. पायथनची मूळ लायब्ररी ते आरच्या चालू प्रक्रियेतच चढवतं. ६४ बिटच्या प्रक्रियेत ३२ बिटची लायब्ररी चढत नाही. त्रुटीच्या संदेशात हे लिहिलेलंही होतं. पण तो नीट वाचण्याआधीच रेटिक्युलेट तीनदा काढून पुन्हा टाकून झालं होतं.

६४ बिटचा पायथन टाकला, तर दुसरी अडचण उभी राहिली. एकाच आर सत्रात पायथन बदलता येत नाही. पहिल्या हाकेला जो सापडेल, सत्र संपेपर्यंत तोच. त्या सत्रात संगणकावरच्या आणखी एका, आम्हाला लागणारी ‘पांडास’ ही लायब्ररी नसलेल्या पायथनला आधीच हाक गेली होती. मग मार्ग कितीही बदला, उपयोग शून्य. आर बंद केलं, ‘रेटिक्युलेट पायथन’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये नेमका मार्ग भरला, आर पुन्हा उघडलं, ‘पाय कॉन्फिग’ने कोणता पायथन पकडला ते तपासलं, आणि दोघांची ओळख पटली.

हे सविस्तर सांगितलं, कारण पायथनमधून आरला हाक मारणाऱ्या ‘आरपायटू’लाही थोड्याफार फरकाने हेच लागू आहे. तिथे आरचं घर कुठे आहे, हे ‘आर होम’मधून कळावं लागतं, आणि लिनक्सवर आर स्वतः बांधलं असेल, तर ते सामायिक लायब्ररीसह बांधलेलं असावं लागतं. जोड-लायब्ररी बसवणं म्हणजे तीन गोष्टी एकमेकींशी जुळवणं: ही भाषा, ती भाषा आणि मधला सांधा. आज्ञा फक्त तिसरी गोष्ट आणून देते. पहिल्या दोन कोणत्या, कुठे आणि किती बिटच्या आहेत, हे आपल्यालाच पाहावं लागतं.

बसवणं जमलं की काम संपलं, हा समज तर अधिक महाग पडतो. सांधा तुटला तर निदान दिसतो. चुकीचा बसला तर दिसत नाही. आरमध्ये नुसतं ५ लिहिलं की ती दशांश संख्या असते आणि पायथनकडे ५.० म्हणून पोचते. पूर्णांक हवा तर तसं सांगावं लागतं. आर मोजणी १ पासून करतं, पायथन ० पासून. हा फरक विसरलात, तर एका लॉटचं मोजमाप शेजारच्या लॉटच्या नावावर जाईल आणि कुठलाही संदेश येणार नाही. पूर्णांकांच्या रकान्यातली रिकामी जागा आर आत उणे २१४७४८३६४८ या आकड्याने दाखवतं. रूपांतर नीट झालं नाही, तर हाच आकडा खरा म्हणून पलीकडे जातो. गाठींची सरासरी उणे कोटींत आली तर चूक ध्यानात तरी येते. पण कमाल किमतीच्याच हिशेबात तो आकडा गुपचूप बसून राहील.

आपल्या भागासाठी आणखी एक मुद्दा आहे. आमच्या रकान्यांची नावं ‘गाव’, ‘तालुका’ अशी असतात. विंडोजवर आरने यूटीएफ-८ ही मूळ लिपीसांकेतिकी म्हणून स्वीकारली तीही ४.२.० पासूनच, आणि त्यासाठी विंडोज १० ची १९०३ किंवा पुढची आवृत्ती लागते. जुन्या आरवर देवनागरी अक्षरांच्या जागी संकेतांक उमटले, तर लायब्ररीला बोल लावण्याआधी आवृत्ती पाहा.

आर १९९३ पासून संख्याशास्त्रज्ञांच्या हाती आहे, पायथन १९९१ पासून प्रोग्रामरांच्या. दोन्ही शिकवणारे वर्ग आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने तर संगणकाचे धडे मराठीतही आणले. सांधा मात्र आपण कामावर ठेचा खातच शिकतो, आणि शिकलेलं लिहून ठेवत नाही. संख्याशास्त्रज्ञ म्हणतो, माझं आर ठीक आहे. अभियंता म्हणतो, माझा पायथन चालतो. दोघंही खरं बोलतात, पण मधल्या जागेला धनी नसतो. माझ्या मते जोड-लायब्ररी बसवणं हे स्वतंत्र काम मानून ते एका माणसाच्या नावावर असलं पाहिजे.

हे नांदगाव पेठेत अधिक लागू आहे. इथल्या एमआयडीसीतल्या १,००० एकरांवरच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. शेतातला कापूस आणि तयार कापड एका जागी आणण्याची ही योजना आहे. वाणांचे प्रयोग अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात होतात, सूत इथे निघतं. या दोन टोकांचे आकडे एकमेकांना भेटायचे असतील, तर आपल्या वऱ्हाडातल्या मुलामुलींना असे सांधे पुन्हा पुन्हा बसवावे लागणार आहेत.

म्हणून वाचकांना एक विनंती. प्रत्येक प्रकल्पाला पायथनचं वेगळं आभासी वातावरण द्या. ‘सेशन इन्फो’ आणि ‘पिप फ्रीझ’चं उत्तर प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जपून ठेवा. सांध्यावरून एक पूर्णांक, एक दशांश, एक रिकामी जागा, एक देवनागरी शब्द आणि एक तारीख पलीकडे पाठवून परत आणा. पाचही जशीच्या तशी परतली, तरच पुढे जा. आणि कुठे अडलात, कसे सुटलात, ते चार ओळींत मराठीत लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकापासून त्यासाठी एक पान राखून ठेवत आहोत.