उपग्रहाला धानोऱ्याची विहीर दिसते का?

‘उपग्रहाने भूजल मोजलं’ अशी बातमी अधूनमधून येते. सोबत भारताचा नकाशा असतो आणि त्यात पंजाब-हरियाणावर लालभडक डाग. गडचिरोलीकडे सहसा कुणाची नजर जात नाही. पाऊस भरपूर, जंगल दाट आणि सरकारी भूजल मूल्यांकनात शेरा ‘सुरक्षित’. मग धानोरा तालुक्यासारख्या जंगलपट्ट्यात उन्हाळ्यात हातपंप का आटतात, आणि ते उपग्रहाला का कळत नाही?

उपग्रह पाणी पाहतच नाही

२००२ मध्ये नासा आणि जर्मनीने ‘ग्रेस’ नावाची उपग्रहांची जोडी सोडली. दोन्ही उपग्रह साधारण २२० किलोमीटरच्या अंतराने एकामागोमाग फिरायचे. खाली वस्तुमान जास्त असेल तर गुरुत्वाकर्षण किंचित वाढतं, पुढचा उपग्रह ओढला जातो आणि दोघांमधलं अंतर केसाच्या जाडीहूनही कमी फरकाने बदलतं. जमिनीतलं पाणी उपसलं की वस्तुमान घटतं, आणि ही घट त्या अंतरात उमटते. पहिली जोडी २०१७ मध्ये थांबली. २०१८ पासून ‘ग्रेस-फॉलोऑन’ तेच काम करते आहे.

याच पद्धतीने २००९ मध्ये एका अभ्यासाने दाखवलं की २००२ ते २००८ या काळात राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि दिल्लीच्या पट्ट्यातून सुमारे १०९ घनकिलोमीटर भूजल गेलं. तो धक्का खराच होता.

पण ग्रेसची नजर फार ढोबळ आहे. साधारण दीड-दोन लाख चौरस किलोमीटरपेक्षा लहान भागाबद्दल ती खात्रीने बोलू शकत नाही. अख्खा गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा, म्हणजे त्या चौकटीचा दहावा हिस्साही नाही. धानोरा तर त्यातला एक तालुका. त्या एका आकड्यात छत्तीसगड आणि तेलंगणातली भातशेती, धरणं, नद्या सगळं मिसळलेलं असतं. शिवाय त्यातून जमिनीतला ओलावा आणि तलावांचं पाणी वजा करायला संगणकीय प्रारूप लागतं, भूजल उरतं ते त्यानंतर.

अडचण खडकाचीही आहे

पंजाबात गाळाची जमीन आहे, स्पंजासारखी. तिथे पातळी एक मीटर खाली गेली की दहा-पंधरा सेंटिमीटर पाण्याचा थर कमी होतो. गडचिरोलीच्या पूर्व भागात ग्रॅनाइट, नाइस असे जुने कठीण खडक आहेत. पाणी फक्त वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत मावतं. तिथे तोच एक मीटर म्हणजे जेमतेम एक ते तीन सेंटिमीटर. पावसाळ्यात हा थर भरतो आणि उन्हाळ्यापर्यंत नाल्यांना मिळून रिकामा होतो. वर्षभराचा उपसा भरपाईच्या ७० टक्क्यांच्या आत राहिला की तालुका ‘सुरक्षित’. मे महिन्यात हंडा भरतो का, हे त्या वर्गवारीत कुठेच येत नाही.

जुलै २०२५ मध्ये इस्रो आणि नासाने सोडलेल्या ‘निसार’कडूनही इथे चमत्काराची अपेक्षा नको. त्याचं रडार दर १२ दिवसांनी जमीन किती खचली ते टिपतं. भूजल उपसल्यावर गाळाची जमीन खचते. ग्रॅनाइट सहसा खचत नाही.

उपग्रहाचा उपयोग आहे, पण वेगळ्या कामाला. चित्रांत खडकातल्या भेगांच्या रेषा ओळखता येतात आणि विंधन विहीर कुठे घ्यायची याचा अंदाज बांधता येतो. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने असे भूजल-संभाव्यता नकाशे १:५०,००० प्रमाणात तयार केले आहेत. मामा तलावात पाणी किती पसरलंय, उन्हाळी धान किती एकरांवर आहे, हेही दर काही दिवसांनी कळतं. उपशाचा अंदाज त्यातूनच येतो.

पातळी मात्र विहिरीत दोरी सोडूनच कळते. निरीक्षण विहिरी वर्षातून साधारण चारदा मोजल्या जातात आणि एका विहिरीवरून मोठ्या परिसराचा अंदाज बांधला जातो. भेगांच्या खडकात दोनशे मीटरवरची दुसरी विहीर वेगळंच सांगू शकते. याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथली ग्रामसभा जंगलाचा हिशेब स्वतः ठेवते. तिथे विहिरींची पातळी दर पंधरा दिवसांनी वहीत उतरवायला मोजपट्टी आणि एक माणूस पुरेसा आहे.