न फडकलेले लाल निशाण

१/ वेरूळचे कैलास लेणे कोणी कोरविले, हे सांगणारा लेख त्या वास्तूवर नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचे नाव अभ्यासकांनी निश्चित केले ते प्रामुख्याने बडोद्याच्या ताम्रपटावरून. वास्तूवर नाव नसले की विद्वानांत वाद होतो; स्फोटक मालावर खूण नसली की माणसे प्राणास मुकतात. मुंबईने हे १९४४ साली अनुभवले.

२/ १२ एप्रिल १९४४. ‘फोर्ट स्टायकिन’ हे जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत आले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा. सोबत कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी, तेलाची पिंपे आणि सोन्याच्या विटा.

३/ स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लाल निशाण लावावे, हा बंदरांचा रिवाज. या जहाजावर ते नव्हते. १४ एप्रिलच्या दुपारी कापसातून धूर निघाला, तेव्हा धक्क्यावरून पाहणाऱ्यांना ती साधी आग वाटावी, अशीच स्थिती होती. चारनंतर अर्ध्या तासात दोन महास्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान आणि इतर शेकडो माणसे मृत्युमुखी पडली.

४/ संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने धोकादायक मालाच्या वाहतुकीविषयीच्या शिफारशी १९५६ साली प्रथम प्रसिद्ध केल्या. आज अशा मालाच्या टनभर वजनाच्या जंबो बॅगेवर मालाचे नाव, चार आकडी यूएन क्रमांक आणि समोरासमोरच्या दोन बाजूंवर धोक्याचा तिरका चौकोन लागतो. अमोनियम नायट्रेटचा क्रमांक १९४२.

५/ तरीही केवळ छापील नाव पुरत नाही. बैरूतच्या गोदामातील सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेटच्या बॅगांवर नाव स्पष्ट होते. ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहिले. ४ ऑगस्ट २०२० रोजी त्याचा स्फोट होऊन २००हून अधिक माणसे गेली.

६/ म्हणून चौकोनाला ‘कागदी सोपस्कार’ म्हणणे हे इतिहासाचे अज्ञान होय. भारतात असा माल नेणाऱ्या वाहनचालकास प्रशिक्षण बंधनकारक आहे. तेवढ्यावर थांबू नये. बॅग चढविणारा हमाल आणि गोदामाचा रखवालदार यांनाही ती खूण वाचता आली पाहिजे, आणि तिच्याशेजारी धोका मराठीत लिहिला पाहिजे. खूण ज्याच्या जिवासाठी आहे, त्यालाच ती कळत नसेल, तर निशाण आजही फडकलेले नाही.