कसलं गं संशोधन करतेस?

शेजारच्या वहिनींची लेक पुण्यात एका परदेशी कंपनीच्या रिसर्च सेंटरला लागली. पेढे वाटून झाले. 'पगार किती?', 'रात्री घरी कशी येते?' आम्ही बायकांनी सगळं विचारलं. पण ती संशोधन कसलं करते, हे एकीनंही विचारलं नाही. मीसुद्धा नाही!

परवा ती श्रीरामपूरला आली तेव्हा विचारलंच. हसून म्हणाली, "काकू, विषय वरून येतो."

वरून म्हणजे मुख्यालयातून. रीत जुनीच आहे. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं बंगळुरूला केंद्र काढलं, तेव्हा इथलं काम उपग्रहामार्फत अमेरिकेला जायचं. फिलिप्स, सॅमसंग १९९६ मध्ये तिथंच आल्या. इथले इंजिनिअर हुशार, शिवाय तिकडच्यापेक्षा स्वस्त. पैसा किती द्यायचा, विषय कोणता घ्यायचा, हे बहुतेक वेळा तिकडे ठरतं. पेटंट कंपनीच्या नावावर.

धंदाच आहे तो, तक्रार नाही. पण हुशारी आपल्या पोरींची आणि अडचण मात्र कुणा परक्या घरातली, हे मला खटकतं.

उलटंही घडलंय बरं का! फिलिप्सच्याच पुण्यातल्या डिझाइन विभागानं खेड्यातल्या घरांसाठी कमी धुराची चूल तयार केली. सुटे भाग आणायचे, जोडायचे. धुराडं साफ करायला छपरावर चढायला नको, काजळी घरातूनच काढता येते. हे सुचायला आधी चुलीपुढच्या बाईचं ऐकावं लागतं! २००९ मध्ये या चुलीला डेन्मार्कचा 'इंडेक्स' पुरस्कार मिळाला. कंपनीनं आराखडाही फुकट खुला केला, कारण ते काम समाजकार्य म्हणून केलेलं होतं. इथंच तर ग्यानबाची मेख आहे. गिऱ्हाईक पैसेवालं असलं की प्रयोगशाळा, नसलं की परोपकार! आणि गॅस आला तरी वाड्यावस्त्यांवरची चूल काही विझलेली नाही.

मी त्या पोरीला म्हटलं, "अगं, उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की वस्तीवरचे फ्रिज नुसते घरघरतात. मळ्यात रात्रीची लाइट आली की बाई बॅटरी तोंडात धरून पाणी भरते. हे सांग ना तुझ्या साहेबांना."

"मीटिंगमध्ये तुमचा फ्रिज काढू, काकू?"

काढ की! ती गेली पुण्याला, आणि मी परवाच्या भिशीत वही फिरवली. दोन पानं भरलीत. दिवाळीला आली की तिच्या हातात देणार आहे.