लांब झोतासाठी परावर्तक मोठा हवा

घरच्या घरी लांब पल्ल्याची विजेरी बनवणाऱ्यांचे लक्ष आधी जाते ते ल्युमेनच्या आकड्याकडे. गणित चुकते ते तिथेच. ल्युमेन म्हणजे एकूण प्रकाश. तो दूर जातो की आजूबाजूला सांडतो, हे त्यावरून कळत नाही. पल्ला ठरतो तो एलईडीच्या इवल्याशा पृष्ठभागाची प्रखरता आणि परावर्तकाचा आकार यांवर. एलईडी तोच ठेवून ५ सेंमीऐवजी १० सेंमी व्यासाचा, तशाच घडणीचा परावर्तक लावला, तर झोताची तीव्रता सुमारे चौपट आणि पल्ला दुप्पट होतो. म्हणून खर्च मोठ्या परावर्तकावर आणि मेहनत त्याच्या नाभीत एलईडी नेमका बसवण्यावर करावी. नुसते वॅट वाढवले तर उष्णता वाढते, सेलवर ताण येतो. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले लिथियमचे सेल संरक्षक सर्किटविना वापरणे म्हणजे आगीला आमंत्रण. शिवाय हाच परावर्तक दिवसा उलटे काम करतो: तोंड सूर्याकडे राहिले, तर ऊन नाभीत एकवटून एलईडी आणि वायरी जळू शकतात. त्यामुळे झाकण हवेच. आणि झोत कुणाच्याही डोळ्यांवर, विशेषतः समोरून येणाऱ्या वाहनचालकाच्या, कधीही टाकू नये. क्षणभर दिपलेले डोळेही अपघाताला पुरतात.